घागरीचं तोंड चपटं काऊन काढाचं? जेजे स्कूल ऑफ आर्ट आपल्या शाळेपर्यंत कसं पोचलं त्याची गोष्ट

विदर्भातल्या कुठल्याही गावच्या हायस्कुलात जाऊन विचारा, जेजे स्कूल ऑफ आर्ट माहीत आहे का? दोन-चार शिक्षक सोडले तर कोणी मान हलवणार नाही. मग विचारा, एलिमेंटरीच्या ड्रॉइंग परीक्षेला कोण कोण बसलं? लगेच हात वर होतात, आणि कोणाला कोणती ग्रेड आली तेही न विचारता कळतं. गंमत म्हणजे जेजे माहीत नसलेली ही पोरं जेजेचाच अभ्यास करत असतात. मुंबईच्या या संस्थेनं मोठमोठे चित्रकार घडवले, ते खरंच आहे. पण त्यातले किती वणी, आर्णी, सिरोंचापर्यंत पोचले? तिथवर पोचली ती ड्रॉइंगची परीक्षा आणि ड्रॉइंग मास्तर.

परीक्षेसाठी नेमकं शिकवतात काय, ते आधी पाहू.

वस्तुचित्राचा तास. टेबलावर घागर, बाजूला एक-दोन वांगी, मागं चादर लावलेली. पोरगं घागरीचं तोंड छान गोल काढतं आणि सर ते खोडून चपटं करतात. त्यावर दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, "सर, घागरीचं तोंड गोलच असते नं? मंग चपटं काऊन काढाचं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. हात फिरवून पाहिलं तर तोंड गोलच लागतं. पण तुम्ही बाकावर बसलात, तुमचा डोळा घागरीच्या काठापेक्षा जरासाच वर आहे, तर ते वर्तुळ वरून-खालून दाबलेलं दिसतं. त्याला लंबगोल म्हणतात. डोळा काठाच्या अगदी बरोबरीला आणलात तर तोंड दिसतच नाही, नुसती आडवी रेघ दिसते. उभे राहिलात तर तेच तोंड हळूहळू उघडत जातं. आता पुढची गोष्ट, जी बहुतेक पोरांची चुकते. घागरीचा तळ डोळ्यापासून तोंडापेक्षा जास्त खाली असतो, त्यामुळे तळाची वक्र रेघ तोंडाच्या रेघेपेक्षा जास्त फुगीर यायला हवी. पोरं मात्र तळ पट्टीनं आखल्यासारखा सरळ काढतात, कारण घागर सपाट टेबलावर ठेवली आहे हे त्यांना माहीत असतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे लंबगोलाची दोन्ही टोकं टोकदार होणं. तिथं टोक नसतंच, रेघ सावकाश वळते. एवढ्या दोन गोष्टी सांभाळल्या तर चित्रातली घागर टेबलावर बसते. नाहीतर हवेत लटकते.

म्हणजे या पद्धतीची अट काय? चित्र काढणारा एका जागी बसणार, हलणार नाही, आणि तिथून जे दिसतं तेच काढणार. वस्तूबद्दल त्याला आणखी काय ठाऊक आहे ते बाजूला ठेवायचं. नागपंचमीला आजी भिंतीवर नाग काढते तेव्हा ती असल्या कुठल्या अटीत बसत नाही. तिचा नाग बाजूनंही दिसतो आणि वरूनही दिसतो, फण्यावरचा आकडाही स्पष्ट दिसतो. तिला नाग जसा माहीत आहे तसा ती काढते. गोंडी घरांच्या भिंतीवरची झाडं-पाखरंही तशीच. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. मग त्यातल्या एकीचं नाव 'ड्रॉइंग' झालं, तिला ग्रेड आली, मार्क आले. आणि दुसरी बायकांचं सणावाराचं काम म्हणून घरातच राहिली. असं का झालं, हे समजायला पावणेदोनशे वर्षं मागं जावं लागतं.

१८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात जगभरातल्या मालाचं प्रचंड प्रदर्शन भरलं. इंग्रजांच्या यंत्रांनी तिथं भाव खाल्ला, पण यंत्रावर निघालेल्या मालाची नक्षी भलतीच गबाळी होती. त्याच मांडवात हिंदुस्थानचं कापड, धातुकाम, लाकूडकाम होतं आणि बघणारे त्यावर खूश झाले. इंग्रज अधिकाऱ्यांनी यातून दोन निष्कर्ष काढले. एक, आपल्या कामगारांना नक्षी शिकवायला हवी. दोन, हिंदुस्थानी कारागिरांनाही 'नीट' चित्र काढायला शिकवायला हवं. ज्यांची कारागिरी बघून आपण थक्क झालो त्यांनाच आपण शिकवायला निघालो आहोत, हे त्यांना तेव्हा फारसं खटकलं नाही.

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात मग या शिक्षणाचं मुख्य ठाणं झालं आणि २३ पायऱ्यांचा अभ्यासक्रम ठरला. आधी सरळ रेघ आणि भूमिती, मग छापील नक्षी बघून काढणं, मग प्लास्टरचे पुतळे बघून काढणं, आणि पुढं कुठंतरी रंग आणि जिवंत माणूस. प्लास्टरचे पुतळे ग्रीक-रोमन देवांचे. ही शिडी इंग्रजांनीही स्वतः पूर्ण घडवलेली नव्हती. पुतळ्यावरून माणसाकडे जाण्याची शिस्त इटली आणि फ्रान्सच्या कला अकादम्यांतली. पॅरिसची शाही कला अकादमी १६४८ ची, आणि तिथल्या राष्ट्रीय कलाशाळेचं मूळ तिच्यातच आहे.

मुंबईत या शाळेसाठी पैसा पुढं केला तो सर जमशेटजी जीजीभॉय यांनी. चीनशी अफू आणि कापसाचा व्यापार करून ते गब्बर झाले होते आणि दानधर्मही तसाच दणदणीत होता. १८५३ मध्ये त्यांनी कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले. १८५३ हे साल आपल्याकडे वेगळ्याच कारणानं महत्त्वाचं आहे. त्याच वर्षी निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, आणि पुढच्याच वर्षी नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं. इंग्रजांचा वऱ्हाडावर डोळा होता तो इथल्या काळ्या मातीतल्या कापसासाठी.

शाळा प्रत्यक्ष सुरू झाली मार्च १८५७ मध्ये, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये. आजची बोरीबंदराजवळची इमारत १८७८ ची. सुरुवातीला ही शाळा चित्रकारांपेक्षा कारागिरांसाठीच होती. १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग इथं शिकवायला आले. त्यांचा मुलगा रुडयार्ड, पुढं नोबेल मिळवणारा, त्याच वर्षी ३० डिसेंबरला मुंबईतच जन्मला. किपलिंग यांच्या काळात सजावटीची चित्रं, मूर्तिकाम आणि लोखंडी नक्षीकाम यांचे कारखानेवजा वर्ग निघाले.

त्या कामाचा नमुना पाहायला जेजेत जायचीही गरज नाही. गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेस किंवा नागपूरहून सेवाग्राम एक्स्प्रेस पकडून आपण मुंबईला उतरतो ते सीएसएमटीला. १८७८ मध्ये बांधायला घेतलेल्या या स्टेशनाच्या दगडावर आणि लोखंडावर जी पानं-फुलं, मोर, माकडं आहेत, त्यांत जेजेच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात आहे. आणि पैसा? १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईत कापसाच्या व्यापाराला ऊत आला. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला येऊन भिडली आणि अमरावती-खामगावच्या गाठी थेट बंदरावर जाऊ लागल्या. मुंबईच्या त्या दगडी भपक्यात आपल्या कापसाचाही वाटा आहे, असं मी म्हणतो तेव्हा मुंबईचे मित्र हसतात. हसू देत.

आता विदर्भाचा आणि जेजेचा खरा जुना धागा. तो आहे अजिंठ्याचा.

जेजेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. लेण्यांतल्या भिंतीचित्रांच्या नकला करण्याचं हे काम मधे खंड पडत १८८५ पर्यंत चाललं. कंदिलाच्या उजेडात, वटवाघळांच्या वासात, ग्रीक पुतळ्यांवर हात बसलेली ही मुंबईची पोरं दीड हजार वर्षांपूर्वीच्या हातांच्या रेघा गिरवत होती. अजिंठ्याची बरीच चित्रं वाकाटकांच्या काळातली. सोळाव्या लेण्यातल्या लेखात वराहदेवाचं नाव आहे, आणि हा वराहदेव म्हणजे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. हरिषेणाची गादी वत्सगुल्मची. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात हे नाव एका ओळीत येतं आणि जातं, पण हिंदुस्थानी चित्रकलेचा सगळ्यात मोठा ठेवा ज्या राजवटीत रंगवला गेला तिची राजधानी आज आपल्याकडं जिल्ह्याचं ठिकाण आहे.

नकला लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यातल्या बऱ्याच जळाल्या. ग्रिफिथ्सनी पुढं त्यावर मोठे सचित्र ग्रंथ काढले. पण माझ्या मते खरा परिणाम कागदावर नव्हता, त्या पोरांवर झाला. ज्या शाळेत ग्रीक मूर्ती हाच शेवटचा शब्द होता तिथं पहिल्यांदा कळलं की माणूस काढण्याची दुसरीही रीत आहे. तिथं सावली कमी, रेघ जास्त. आणि एकाच भिंतीवर एकाच माणसाच्या गोष्टीतले अनेक प्रसंग. म्हणजे चित्रकार एका जागी बसलेला नाही! पुढं १९१९ नंतर ग्लॅडस्टन सॉलोमन मुख्य झाले तेव्हा जेजेत एका अंगानं जिवंत माणूस समोर बसवून अभ्यास वाढला, आणि दुसऱ्या अंगानं अजिंठ्याच्या वळणाची भारतीय पद्धतीची भिंतीचित्रं सुरू झाली. नव्या दिल्लीच्या सचिवालयात जेजेच्या मंडळींनी भिंती रंगवल्या त्या याच काळात.

आता ड्रॉइंग मास्तर. कारागीर घडवायला निघालेल्या शाळेत आले ते बरेचसे शहरातले नोकरी शोधणारे तरुण. कारागिराचं पोर बापाच्या हाताखाली शिकत होतं; त्याला प्लास्टरच्या पुतळ्याची काय गरज? या तरुणांना नोकरी द्यायची तर कुठं? नकाशे काढायला, सरकारी बांधकाम खात्यात, आणि शाळांत. १८७९ मध्ये ड्रॉइंग हा शिकवायचा विषय म्हणून आला आणि १८९३ मध्ये ड्रॉइंगचे शिक्षक तयार करण्याचा अभ्यासक्रम जेजेत निघाला. म्हणजे साउथ केन्सिंग्टनची शिडी जेजेत, जेजेची शिडी मास्तरात, आणि मास्तर गावोगावच्या शाळेत. माणूस बदलला तरी पायऱ्या त्याच राहिल्या.

आपल्याकडं हे थोडं उशिरा पोचलं. वऱ्हाड-नागपूर मुंबई इलाख्यात नव्हतं. राजधानी नागपूर, कारभार मध्यप्रांताचा. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६५ मध्ये कला संचालनालय स्थापन झालं. त्याचं कार्यालय आजही जेजेच्याच आवारात आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा तेच घेतं. पेपर बघा: वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र, आणि भूमिती व अक्षरलेखन. दीडशे वर्षांपूर्वीची यादी आणि ही यादी शेजारी ठेवली तर भूमिती तशीच आहे, नक्षीचं संकल्पचित्र झालं आहे, आणि घागर जागची हललेली नाही.

दहावीला इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला ७, बीला ५ आणि सीला ३ वाढीव गुण मिळू लागल्यापासून तर परीक्षेला वेगळंच वजन आलं. ज्याला रेघ ओढायचा कंटाळा तोही बसतो. यात वाईट काही नाही. मला वाईट वाटतं ते स्मरणचित्राचं. विषय येतो 'आठवडी बाजार' किंवा 'आमचा सण', आणि पोरं काय काढतात? दोन त्रिकोणी डोंगर, मधे अर्धा सूर्य, नागमोडी नदी, काठावर नारळाचं झाड. दारव्ह्याच्या पोरानं नारळाचं झाड कधी पाहिलं? त्याच्या दारात निंब आहे, शिवारात पळस आहे, पऱ्हाटी आहे, पोळ्याला बैलाच्या पाठीवर झूल असते, तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन गल्लीभर फिरलेला असतो. हे सगळं त्याच्या स्मरणात ठासून भरलेलं आहे, पण मागच्या वर्षीच्या ए ग्रेडच्या चित्रात ते नव्हतं, म्हणून याच्याही चित्रात येत नाही.

मोठ्या चित्रकारांबद्दल थोडक्यात, कारण त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. म. वि. धुरंधर १८९० मध्ये जेजेत शिकायला आले आणि पुढं तिथंच शिकवत राहिले. वासुदेव गायतोंडे जन्मले नागपुरात, १९२४ मध्ये, वाढले मुंबईत; १९४८ मध्ये जेजेतून बाहेर पडले. नागपूरकर त्यांच्यावर हक्क सांगतात तो फक्त जन्मापुरता, पण सांगू द्यावा. शंकर पळशीकर मात्र आपल्या साकोलीचे. ते जेजेत शिकले, तिथंच शिकवू लागले आणि शेवटी तिथले अधिष्ठाता झाले. झाडीपट्टीच्या नाटकांचे रंगवलेले पडदे जिथं रात्रभर टांगलेले असतात त्या मुलखातला माणूस मुंबईच्या कलाशाळेच्या मुख्य खुर्चीवर बसला, हे आपल्या शाळांच्या भिंतीवर लिहायला हरकत नाही.

सय्यद हैदर रझांचा रस्ता सगळ्यात बोलका आहे. जन्म १९२२, मंडला जिल्ह्यातलं बाबरिया. वडील जंगल खात्यात. तेव्हा तो मुलूख मध्यप्रांतातच. लहानपणी अभ्यासात मन लागत नव्हतं तेव्हा मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडं बघत बस म्हणून सांगितलं, ही आठवण रझा सांगत. तो ठिपका पुढं त्यांच्या चित्रांत 'बिंदू' होऊन बसला. १९३९ ते १९४३ ते नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये होते, नंतर जेजेत, आणि १९५० मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय कलाशाळेत. जी शिडी पॅरिसहून लंडनमार्गे मुंबईला उतरली होती, तिच्यावरून हा माणूस उलटा चढत गेला, आणि वर पोचल्यावर जंगलातल्या प्राथमिक शाळेचा ठिपका काढू लागला.

जेजेची दुसरी एक शाखा मोठ्या चित्रकारांपेक्षाही जास्त लोकांपर्यंत पोचली, ती कमर्शियल आर्टची. हा विभाग १९३५ मध्ये सुरू झाला आणि पुढं वेगळी संस्था झाला. तलाठ्याच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कंप्युटरवर जो मंगल फॉन्ट तुम्ही वर्षानुवर्षं पाहिला तो र. कृ. जोशींनी केला, आणि जोशी जेजेतच शिकले. आपल्या गावचा पेंटर मात्र जेजेला गेलेला नसतो. बियाणाच्या कंपनीची जाहिरात भिंतीवर रंगवताना तो दोऱ्याला नीळ लावतो, दोन खिळ्यांना ताणतो आणि मधून ओढून सोडतो. भिंतीवर सरळ रेघ उमटते. दोन रेघांमधे अक्षरं बसवायची, आधी खडूनं, मग ब्रशनं. अक्षरलेखनाच्या पेपरात जे मागतात तेच तो करतो, फक्त त्याला ग्रेड कोणी देत नाही.

हे सगळं वाचून वाटेल की दुसरा मार्ग कधी नव्हताच. होता, आणि तोही आपल्याच वर्ध्यात. १९१९ मध्ये शांतिनिकेतनात कलाभवन निघालं. नंदलाल बोस तिथले प्रमुख. त्यांचं म्हणणं, आजूबाजूला जे आहे त्यातून शिका. १९३६ च्या फैजपूर काँग्रेसचा मंडप त्यांनी बांबू आणि गावच्या साहित्यातून सजवला. १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद झाली, हातकामातून शिकवण्याचा गांधीजींचा नई तालीमचा विचार पुढं आला, आणि १९४४ मध्ये कलाभवनात शिकलेले देवी प्रसाद सेवाग्रामच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आले. ते स्वतः मातीकाम करणारे. मुलांपुढं ते नमुना ठेवत नसत. मूल जे पाहतं, जे करतं, तेच त्यानं काढावं, आणि शेती-सूतकताई शिकतं तशीच कलाही रोजच्या कामातून शिकावी, असा त्यांचा आग्रह. १९६२ मध्ये ते लंडनला गेले.

सेवाग्रामपासून पन्नास किलोमीटरवरच्या शाळेतही आज त्यांची पद्धत सापडत नाही, घागर मात्र सापडते. याचं कारण सरळ आहे. घागर तपासता येते. एकाच दिवशी, राज्यभर, हजारो कागद. लंबगोल बरोबर की चूक, दोन मिनिटांत ग्रेड. पोरानं स्वतःच्या मनानं काढलेला पोळा तपासायचा तर तपासणाऱ्याला त्या पोराचा पोळा माहीत पाहिजे. सरकारी यंत्रणा ज्याची मोजदाद करू शकते तेच टिकवते. म्हणून मी घागरीच्या विरोधात नाही. तिच्यामुळे निदान आठवड्यातून एक तास तरी पोरं डोळे उघडून एखाद्या वस्तूकडं नीट बघतात.

पण तो तास घेणार कोण? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीत शंभरापेक्षा जास्त मुलं असतील तरच कलेसाठी निदेशक, तोही अर्धवेळ. शंभरचा हा आकडा मोठ्या शहरात सहज पार होतो. आपल्याकडच्या किती गावांत सहावी-सातवी-आठवी मिळून शंभर पोरं भरतात? जिथं नाहीत तिथं पीटीचे नाहीतर हिंदीचे सर रेखाकलेचे फॉर्म भरून घेतात, आणि ज्यांच्या घरी परवडतं ती पोरं रविवारी एसटीनं तालुक्याच्या क्लासला जातात. गुण सगळ्यांना खुले आहेत, शिकवणारा सगळ्यांना नाही.

ज्या पोरा-पोरींना खरंच या वाटेनं जायचं आहे त्यांच्यासाठी एवढं लक्षात असू द्या. चित्रकलेच्या पदवीला बारावीनंतर वेगळी सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा असते आणि बारावी कोणत्याही शाखेतून झालेली चालते. पेपर ओळखीचेच: वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र, वर सामान्य ज्ञान. जेजेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, तेव्हा तिथल्या प्रवेशाचे नियम त्या त्या वर्षी वेगळे पाहून घ्या. आणि मुंबई आठशे किलोमीटरच्या वर आहे म्हणून कोणी घरी बसू नये. नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, आणि सरकारी असल्यामुळं खासगी कॉलेजाइतका खर्च येत नाही.